‘इन’ म्हणजे ‘नाही’ की ‘आत’?

‘अनुपम’ आणि ‘अनुपात’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. दोन्ही ‘अनुप’नेच सुरू होतात, पण फोड करायला बसलं की वाटा वेगळ्या होतात. अनुपम म्हणजे अन् अधिक उपमा, म्हणजे ज्याला उपमाच नाही असं. अनुपात म्हणजे अनु अधिक पात. तिथे नकाराचा संबंधच नाही. अनुचित, अनुदार, अनुपस्थित, अनुत्तीर्ण हे पहिल्या गोटातले, तर अनुभव, अनुकरण, अनुरूप, अनुकंपा हे दुसऱ्या. मराठी वाचणारा यात सहसा चुकत नाही, कारण ‘उचित’ आणि ‘उपस्थित’ त्याच्या ओळखीचे असतात. शब्द कुठे तोडायचा हे त्याला न सांगता कळतं.

इंग्रजीत नेमका हाच घोळ ‘इन’ या उपसर्गाने घालून ठेवला आहे आणि तिथे आपल्या मदतीला तो सराव नसतो. उपसर्गांच्या तक्त्यात ‘इन’समोर ‘नकारार्थी’ एवढंच लिहिलेलं असतं. इनव्हिजिबल म्हणजे अदृश्य, इनकरेक्ट म्हणजे चुकीचं, इथपर्यंत ते छान चालतं. मग डब्यावर ‘इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं दिसतं. तक्त्याप्रमाणे त्याचा अर्थ ‘न पेटणारं’ व्हायला हवा. प्रत्यक्षात तो आहे ‘चटकन पेट घेणारं’. असा अर्थ उलटा लागला तर परीक्षेत एक गुण जातो, गोदामात मात्र आग लागते.

एकाच वेषातले तिघं

‘इन’ हा एक उपसर्ग नाही. एकाच वेषात फिरणारे ते तिघं आहेत.

पहिला लॅटिनमधून आलेला नकाराचा ‘इन’. इनअ‍ॅक्टिव्ह, इनकम्प्लीट, इनह्यूमन, इन्फिनिट. दुसराही लॅटिनचाच, पण त्याचा अर्थ ‘आत’, ‘मध्ये’ किंवा ‘वर’. इंजेक्ट म्हणजे आत टाकणं, इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून पाहणं, इन्हेल म्हणजे श्वास आत घेणं, इन्स्क्राइब म्हणजे वर कोरणं. तिसरा इंग्रजीचा स्वतःचा घरचा ‘इन’, आपण रोज वापरतो तो साधा शब्द: इनपुट, इनबॉक्स, इनमेट, इनलेट, इनलँड. त्याचाही अर्थ ‘आत’च.

दुसरा आणि तिसरा मुळात भाऊभाऊच, कारण लॅटिन आणि इंग्रजी या एकाच मूळ भाषेतून फुटलेल्या शाखा आहेत. पहिल्याशी मात्र या दोघांचं काही नातं नाही. दिसायला सारखे, एवढंच.

तिसऱ्याला ओळखणं सर्वांत सोपं, आणि त्यासाठी अर्थ माहीत असण्याचीही गरज नाही, नुसतं स्पेलिंग पुरतं. कसं, ते कळायला आधी थोडं संधीकडे वळावं लागेल.

संधी इंग्रजीतही होतो

‘संपूर्ण’ हा शब्द सावकाश म्हणा. अनुस्वाराच्या जागी ओठ मिटतात, उच्चार ‘सम्पूर्ण’ होतो. ‘संगीत’ म्हणताना ओठ मिटत नाहीत, घशाजवळून ‘ङ्’ येतो. ‘संत’मध्ये जीभ दातांना टेकून ‘न्’ होतो. पुढे येणाऱ्या व्यंजनाची तयारी तोंड आधीच करतं, म्हणून हे घडतं. मराठीत हा बदल एका टिंबाखाली झाकला जातो. लॅटिनने तो अक्षरांत लिहून ठेवला आणि इंग्रजीने तसाच उचलला.

‘इन’पुढे प, ब किंवा म आला की ‘इम’ होतो: इम्पॉसिबल, इम्बॅलन्स, इम्मॉर्टल. पुढे ल आला की ‘इल’ होतो आणि स्पेलिंगमध्ये दोन एल दिसतात: इलीगल, इलॉजिकल, इलिटरेट. तत् अधिक लीन याचं तल्लीन होतं, उत् अधिक लेख याचा उल्लेख होतो, अगदी तसंच. पुढे र आला की ‘इर’ आणि दोन आर: इरेग्युलर, इरॅशनल, इरिस्पॉन्सिबल. आणखी एक दुर्मिळ रूप आहे. मूळ लॅटिन शब्द ‘ग्न’ने सुरू होत असेल तर ‘इन’मधला न गळतो आणि नुसता ‘इ’ उरतो. इग्नोरंट आणि इग्नोबल हे असे झाले. बाकी स्वर आणि इतर व्यंजनांपुढे ‘इन’ जसाच्या तसा राहतो.

महत्त्वाचं हे की हा संधी नकाराच्या ‘इन’लाही होतो आणि ‘आत’वाल्या लॅटिन ‘इन’लाही. म्हणून इम, इल, इर दिसले की नकारच असणार, हा समज काढून टाका. इम्पोर्ट म्हणजे आत वाहून आणणं, आयात. इम्प्रिझन म्हणजे तुरुंगात टाकणं. इल्युमिनेट म्हणजे एखाद्या वस्तूवर उजेड टाकणं. इरिगेट म्हणजे शेतात पाणी सोडणं. इलीगल आणि इल्युमिनेट यांचे पहिले तीन अक्षरांचे ठसे हुबेहूब सारखे, अर्थ मात्र एकाचा नकाराचा आणि दुसऱ्याचा आत-वरचा.

घरच्या ‘इन’ला हा संधी होत नाही. तो दोन वेगळे शब्द जवळ ठेवल्यासारखा राहतो. म्हणून प, ब, म, ल, र यांच्या आधीही ‘एन’ हे अक्षर तसंच टिकलेलं दिसलं, तर तो घरचा ‘इन’ आणि अर्थ ‘आत’. इनपुट, इनबॉर्न, इनमेट, इनलेट, इनरोड. यातली सर्वांत बोलकी जोडी म्हणजे इनपेशंट आणि इम्पेशंट. भरभर बोलताना दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. पहिल्यात एन आहे, तो रुग्णालयात दाखल झालेला रुग्ण. दुसऱ्यात एम आहे, तो अधीर माणूस. एका अक्षराच्या फरकाने कळतं की एक शब्द इंग्रजीने घरी जोडला आणि दुसरा लॅटिनमधून तयार आला.

क्रियापद की विशेषण?

आता खरा प्रश्न लॅटिनच्या दोघांना वेगळं कसं करायचं हा. लॅटिनमध्ये या दोघांची कामं वाटलेली होती आणि ती वाटणी इंग्रजीत बऱ्यापैकी टिकली आहे. नकाराचा ‘इन’ विशेषणांना लागतो. ‘आत’चा ‘इन’ क्रियापदांना लागतो.

म्हणून समोरचा शब्द क्रियापद असेल तर ‘आत’ किंवा ‘वर’ धरून चालायला हरकत नाही: इन्क्लूड, इन्व्हेड, इन्फ्यूज, इमर्स, इम्प्रेस, इमिग्रेट, इरेडिएट. इमिग्रेटच्या समोर एमिग्रेट उभा करा, आत येणं आणि बाहेर जाणं. शब्द विशेषण असेल आणि ‘इन’ काढल्यावर उरलेला तुकडा स्वतः चालणारं विशेषण असेल, तर नकार: इन-सेन, इम-पोलाइट, इल-लीगल.

काही क्रियापदं मात्र या नियमाला फसवी वाटतात. इनव्हॅलिडेट म्हणजे रद्दबातल ठरवणं, इमोबिलाइझ म्हणजे हालचाल बंद करणं, इनकपॅसिटेट म्हणजे अक्षम करणं. ही क्रियापदं असूनही त्यांत नकार आहे. कारण सोपं आहे. आधी इनव्हॅलिड हे नकारार्थी विशेषण तयार झालं आणि त्यावरून पुढे क्रियापद घडलं. शेपटीचे ‘एट’, ‘आइझ’ बाजूला केले की आतलं नकारार्थी विशेषण किंवा नाम दिसतं.

एकाच मुळाला दोन्ही ‘इन’ लागलेले असतील तर फरक अगदी डोळ्यांसमोर उभा राहतो. लॅटिन ‘कॉर्पस’ म्हणजे शरीर. त्यावरून इन्कॉर्पोरेट म्हणजे शरीरात सामावून घेणं, अंगभूत करणं. त्याच शरीरावरून इन्कॉर्पोरिअल म्हणजे अशरीरी. याहून मजेदार जोडी भावनांची. इम्पॅसिव्ह चेहरा म्हणजे ज्यावर कसलीच भावना उमटत नाही असा. इम्पॅशन्ड भाषण म्हणजे भावनेने ओथंबलेलं. पहिल्यात ‘इम’ने भावना नाकारली, दुसऱ्यात ‘इम’ने ती आत ओतली. इम्पॅशन्डचा अर्थ कुणी ‘भावनाशून्य’ लावला तर वाक्य व्याकरणात कुठेही अडत नाही, फक्त उलटं होतं, आणि अशी चूक लवकर पकडली जात नाही. ‘भावनेच्या आहारी न जाता’ असं म्हणायचं असेल तर डिसपॅशनेट हा निराळाच शब्द आहे.

शब्द कुठे तोडायचा

इन्फ्लेमेबलकडे परत येऊ. हा शब्द विशेषण आहे आणि फ्लेमेबल हाही चालणारा शब्द आहे, म्हणजे वरच्या नियमाने नकार निघतो. मग नियम चुकला का? चुकला नाही, शब्द चुकीच्या जागी तोडला. त्याचा विग्रह इन अधिक फ्लेमेबल असा नाही. आधी इन्फ्लेम हे क्रियापद झालं, म्हणजे ज्वाला लावणं, भडकवणं, आणि त्याला शेवटी ‘एबल’ लागला. ज्याला इन्फ्लेम करता येतं ते इन्फ्लेमेबल. शरीरातल्या दाहाला इन्फ्लेमेशन म्हणतात, तोही याच क्रियापदाचा.

गंमत म्हणजे शब्दांच्या वयाचा क्रम आपल्या अंदाजाच्या उलट आहे. इन्फ्लेमेबल जुना. फ्लेमेबल बराच नंतरचा, 19 व्या शतकातला, आणि बराच काळ तो फारसा कुणी वापरत नव्हतं. ‘इन’ला लोक नकार समजतात आणि त्यातून अपघात होऊ शकतो हे ध्यानात आल्यावर 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने फ्लेमेबल वापरण्याचा आग्रह धरला. सुरक्षेच्या खुणांवर आता फ्लेमेबल आणि नॉनफ्लेमेबल हीच जोडी पक्की झाली आहे. कारखान्यासाठी, प्रयोगशाळेसाठी किंवा कशाच्याही वेष्टणावर लिहायचं असेल तर इन्फ्लेमेबल वापरूच नये. व्याकरणाने तो बरोबर आहे, पण आग लागल्यावर व्याकरणाचा उपयोग नाही.

म्हणून शेवटी ‘एबल’ किंवा ‘इबल’ असलेल्या शब्दाला एक प्रश्न विचारायचाच: ‘इन’सकट क्रियापद अस्तित्वात आहे का? इन्हॅबिट आहे, म्हणजे वस्ती करणं. म्हणून इन्हॅबिटेबल म्हणजे वस्ती करण्याजोगं, आणि हॅबिटेबल म्हणजेही तेच. उलट अर्थ हवा असेल तर अनइन्हॅबिटेबल. इन्हेरिट आहे, म्हणून इन्हेरिटेबल म्हणजे वारशाने मिळू शकणारं. याउलट ‘इनव्हिज’ असं क्रियापद नाही, ‘इम्पॉस’ नाही, म्हणून तिथे ‘इन’ वेगळा काढायचा आणि नकार धरायचा.

तोडण्याची जागा बदलली की अर्थ बदलतो, हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते ‘अन’च्या एका शब्दात: अनलॉकेबल. अन अधिक लॉकेबल असं तोडलं तर ज्याला कुलूप लागूच शकत नाही असं दार. अनलॉक अधिक एबल असं तोडलं तर ज्याचं कुलूप उघडता येतं असं दार. दोन्ही अर्थ बरोबर आहेत, संदर्भावरूनच ठरतं. इथे ‘अन’सुद्धा दोन आहेत. अनहॅपीमधला ‘अन’ नकाराचा. अनलॉक, अनडू, अनटाय यांतला ‘अन’ केलेली क्रिया उलटवणारा. अनटाय म्हणजे ‘न बांधणं’ नव्हे, बांधलेलं सोडणं. अनफॉलो आणि अनफ्रेंड हे अगदी अलीकडचे शब्द या दुसऱ्या ‘अन’वरच बेतलेले आहेत.

हाच ‘अन’ एक छान कसोटीही पुरवतो. शब्दातल्या ‘इन’च्या आधी ‘अन’ लावता येतो का पाहा. अनइन्फॉर्म्ड, अनइन्शुअर्ड, अनइम्पॉर्टंट, अनइम्प्रेस्ड. लागत असेल तर आतला ‘इन’ जवळजवळ नेहमी ‘आत’वाला असतो, कारण एका नकारावर लगेच दुसरा नकार सहसा कुणी चढवत नाही. अनइनव्हिजिबल किंवा अनइम्पॉसिबल कुणी म्हणत नाही. अपवाद अनइन्जर्ड. इन्जरीमध्ये लॅटिन ‘यूस’, म्हणजे न्याय, लपलेला आहे आणि ‘इन’ नकाराचा आहे, म्हणजे मुळात तो शब्द ‘अन्याय’ असा. पण इंग्रजी बोलणाऱ्याला आता त्यात नकार दिसत नाही, त्याला फक्त इजा दिसते, म्हणून वर ‘अन’ चढला.

‘अ’चा भाऊ

नकाराचा ‘इन’ आणि आपला ‘अ’ हे एकाच मूळ नकाराचे वंशज आहेत, हे कळलं की कितीतरी शब्द आपोआप उलगडतात. संस्कृतात त्याचा व्यंजनापुढे ‘अ’ झाला आणि स्वरापुढे ‘अन्’: अशक्य, अमर, पण अनंत, अनादर. ग्रीकमध्येही हुबेहूब तसंच झालं. एटिपिकल, अ‍ॅटम यांत ‘अ’, तर अ‍ॅनार्की, अ‍ॅनॉनिमस यांत ‘अन्’. लॅटिनमध्ये ‘इन’ झाला आणि इंग्रजीच्या आपल्या शाखेत ‘अन’.

एकच शब्द चारही घरांत पाहा. संस्कृत ‘अज्ञात’. लॅटिन ‘इग्नोटस’, म्हणजे अज्ञातच. ग्रीक ‘अग्नोतोस’. आणि जुन्या इंग्रजीतला ‘उन्कूथ’, ज्याचा आजचा अनकूथ झाला. चारही शब्दांत पुढचा तुकडा नकाराचा आणि मागचा तुकडा ‘ज्ञा’चा. अनकूथचा अर्थ मात्र वाटेत घसरला: आधी अनोळखी, मग विचित्र, आता असंस्कृत. इग्नोरंट, इग्नोर आणि ओळख लपवून फिरणारा इन्कॉग्निटो, या सगळ्यांच्या पोटात हाच ‘ज्ञा’ आहे. इग्नोरंटचं स्पेलिंग लक्षात राहत नसेल तर जी आणि एन ही ‘ज्ञ’चीच दोन अक्षरं समजा.

इमेन्स म्हणजे प्रचंड. यात नकार कुठे दिसत नाही, पण आहे. ‘मेन्सस’ म्हणजे मोजलेलं, तेव्हा इमेन्स म्हणजे न मोजलेलं. मराठीत शब्दशः ‘अमाप’. माप आणि मेन्स हे धातूनेही नातेवाईक आहेत. इन्सॉम्निआतला ‘सॉम्नस’ म्हणजे झोप, तो आपल्या ‘स्वप्न’चा भाऊ. इन्फंटमध्ये ‘बोलणारा’ या अर्थाचा शब्द आहे, म्हणजे इन्फंट तो ज्याला अजून वाचा फुटलेली नाही. त्यावरून पोरसवदा माणूस, आणि मग इटालियनमध्ये पायदळातला शिपाई, असं करत इन्फंट्री म्हणजे पायदळ झालं. इंटिजर म्हणजे पूर्णांक, मूळ अर्थ ‘ज्याला हात लागलेला नाही’ असा, म्हणून अखंड. एन्टायर हा त्याच शब्दाचा फ्रेंचमधून फिरून आलेला अवतार.

एक जोडी मुद्दाम शेजारी ठेवावी अशी आहे. इंडिव्हिज्युअल म्हणजे ज्याचे आणखी भाग करता येत नाहीत असा एकटा घटक. इथे ‘इन’ नकाराचा. इन्सेक्ट म्हणजे ज्याच्या अंगात कापल्यासारख्या खाचा आहेत तो जीव. इथे ‘इन’ म्हणजे ‘आत’. एक न कापता येणारा, दुसरा आत कापलेला.

इनेप्ट, इनर्ट, इन्सिपिड यांच्याकडे पाहून लोक अडतात, कारण ‘इन’ काढल्यावर उरतं ते ‘एप्ट’, ‘अर्ट’, ‘सिपिड’, आणि हे शब्द इंग्रजीत चालत नाहीत. इथे लॅटिनची एक खोड कामी येते. उपसर्ग लागला की पुढच्या शब्दातला ‘अ’ बारीक होऊन ‘ए’ किंवा ‘इ’ होतो. ‘एप्ट’ हा मुळात अ‍ॅप्ट, म्हणजे योग्य. ‘अर्ट’ हा मुळात आर्ट, म्हणजे कौशल्य. ‘सिपिड’ मुळात ‘सॅपिड’, म्हणजे चवदार. याच खोडीमुळे ‘अमिकस’, म्हणजे मित्र, त्याचा ‘इनिमिकस’, म्हणजे अमित्र, झाला, आणि फ्रेंचमधून येता येता त्याचा झाला एनिमी. एनिमीत ‘इन’ आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाही.

नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही

नकार ओळखला तरी काही शब्द हातातून निसटतात. इन्फेमस या उच्चाराने ओळखला जाणारा शब्द आधी नीट उच्चारावा: ‘इन्फमस’, जोर पहिल्या ‘इन’वर. अर्थ ‘अप्रसिद्ध’ नव्हे, कुप्रसिद्ध. प्रसिद्धी भरपूर आहे, फक्त वाईट कारणाने. अप्रसिद्ध हवा असेल तर अननोन किंवा ऑब्स्क्युअर. इन्फिनिटचंही तसंच. ‘फायनाइट’ वरून ‘इन्फायनाइट’ म्हणण्याचा मोह होतो, पण उच्चार ‘इन्फिनिट’. जोर उपसर्गावर गेला की पुढचे स्वर आखडतात.

इनव्हॅल्युएबल म्हणजे बिनमोलाचं नव्हे, अमूल्य. मराठीतला ‘अमूल्य’ही हीच युक्ती करतो: मोल करताच येत नाही इतकं मोठं. खरोखर कवडीमोल म्हणायचं असेल तर व्हॅल्यूलेस किंवा वर्थलेस. इंडिफरंट म्हणजे ‘वेगळं नसलेलं’ नव्हे. हे काय, ते काय, मला दोन्हीत फरक नाही, असं म्हणणारा तो इंडिफरंट, म्हणजे उदासीन, बेफिकीर.

‘इन’ आणि ‘नॉन’मधला फरकही सांभाळावा लागतो. ‘नॉन’ फक्त वर्गीकरण करतो, ‘इन’ बहुतेक वेळा दोष देतो. नॉनह्यूमन म्हणजे मानवेतर, मग तो प्राणी असो वा यंत्र. इनह्यूमन म्हणजे अमानुष, क्रूर. इमॉरल म्हणजे अनैतिक, आणि ग्रीक ‘अ’ लागलेला एमॉरल म्हणजे नीती-अनीतीचा प्रश्नच जिथे उठत नाही असं. वादळ एमॉरल असतं, लाच इमॉरल. अहवाल किंवा भाषांतर करताना इथे गफलत झाली तर एखाद्यावर नसता आरोप होतो.

‘अन’ लावू की ‘इन’?

लिहिताना सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि पक्का नियम नाही. काही कल मात्र भरवशाचे आहेत. ‘एड’ किंवा ‘इंग’ने संपणाऱ्या विशेषणांना ‘अन’: अनफिनिश्ड, अनएक्स्पेक्टेड, अनविलिंग. इंग्रजीच्या घरच्या शब्दांनाही ‘अन’: अनकाइंड, अनट्रू. ‘इबल’ने संपणाऱ्यांना बहुतेक ‘इन’: इनव्हिजिबल, इन्क्रेडिबल, इलेजिबल. ‘एबल’वाले दोन्हीकडे जातात, तिथे शब्दकोश उघडावा. नवा शब्द घडवायची वेळ आली तर ‘अन’ किंवा ‘नॉन’. ‘इन’चं दुकान आता जवळपास बंद आहे.

खरा सापळा विशेषण आणि नाम यांच्या जोड्यांत आहे. विशेषणाला ‘अन’ लागतो आणि त्याच्याच नामाला ‘इन’. अनएबल पण इनअ‍ॅबिलिटी. अनइक्वल पण इनइक्वॉलिटी. अनजस्ट पण इन्जस्टिस. अनस्टेबल पण इन्स्टॅबिलिटी. अनग्रेटफुल पण इन्ग्रॅटिट्यूड. अनबॅलन्स्ड पण इम्बॅलन्स. यामागचं कारण असं की यातली बहुतेक नामं लॅटिनमधून किंवा फ्रेंचमधून ‘इन’ लागून तयारच आली, विशेषणांना मात्र इंग्रजीने आपला ‘अन’ चिकटवला. या सहा जोड्या सरळ पाठ कराव्यात. तर्काने त्या निघत नाहीत.

इरिगार्डलेस हा शब्द ऐकू येतो, तो टाळावा. शेवटच्या ‘लेस’मध्ये नकार आधीच आहे, पुढचा ‘इर’ फुकटचा. रिगार्डलेस पुरेसा आहे.

अक्षर एक की दोन

स्पेलिंगच्या चुका उपसर्ग ओळखल्यावर बऱ्याच कमी होतात. हिशेब असा: उपसर्गाचं अक्षर एक, मूळ शब्दाचं पहिलं अक्षर एक. इमॅच्युअरमध्ये दोन एम, कारण इम अधिक मॅच्युअर. इनोसंटमध्ये दोन एन, कारण इन अधिक ‘नोसंट’, म्हणजे अपाय करणारा. अपाय न करणारा तो निरागस. इनोव्हेटमध्येही दोन एन, इन अधिक ‘नोव्हस’, म्हणजे नवं.

इनॉक्युलेटमध्ये मात्र एकच एन. भलेभले इथे दोन लिहितात, कारण इनोसंट डोक्यात असतो. फोड इन अधिक ‘ऑक्युलस’ अशी आहे. ऑक्युलस म्हणजे डोळा. बागकामात फांदीवरच्या कळीला, म्हणजे झाडाच्या ‘डोळ्या’ला, दुसऱ्या झाडात बसवून कलम करतात; त्या डोळा भरण्याला हा शब्द होता. 18 व्या शतकात देवीच्या रोगापासून बचावासाठी थोडा संसर्ग शरीरात मुद्दाम घालू लागले, तेव्हा त्या क्रियेला हाच शब्द लागला. मूळ शब्द ‘ओ’ने सुरू होतो, म्हणून दुसऱ्या एनला जागाच नाही.

आणि जिथे उपसर्गच नाही तिथे तो शोधत बसू नये. इमेज, इमिटेट यांत एकच एम, कारण त्यांत ‘इम’ नाहीच. इंच हा लॅटिन ‘उन्किआ’चा, म्हणजे बाराव्या भागाचा. इलनेसमध्ये दोन एल आहेत, पण तो ‘इल’ म्हणजे आजारी. इंटरनॅशनल, इंटरव्हल यांत ‘इंटर’ हा वेगळा उपसर्ग, आपल्या ‘अंतर्’चा भाऊ. एन्क्लोज, एम्बार्क, एम्प्लॉय यांच्या सुरुवातीचा ‘एन’ आणि ‘एम’ मात्र ‘आत’वालाच, फक्त फ्रेंचमधून आल्यामुळे त्याचा स्वर बदललेला. एन्क्वायर आणि इन्क्वायर असे दोन्ही दिसतात ते यामुळेच.

अनोळखी शब्दावर हे सगळं कसं वापरायचं, ते एका मुळावर करून पाहू. इनेक्स्प्लिकेबल. विशेषण आहे. ‘इनेक्स्प्लिकेट’ असं क्रियापद नाही, म्हणून ‘इन’ वेगळा काढायचा आणि नकार धरायचा. उरलं एक्स्प्लिकेबल. ‘एक्स’ म्हणजे बाहेर. ‘प्लिक’ म्हणजे घडी घालणं. घडी बाहेर काढणं म्हणजे उलगडणं, आणि ज्याची घडी उलगडत नाही ते इनेक्स्प्लिकेबल. मराठीत आपण ‘या गोष्टीचा उलगडाच होत नाही’ म्हणतो, तीच घडी. आता इम्प्लिकेट. क्रियापद आहे, म्हणून ‘आत’: घडीच्या आत घेणं, एखाद्याला प्रकरणात गुंतवणं. आणि एम्प्लॉय हा दुसरा कुणी नसून हाच इम्प्लिकेट, फ्रेंचमधून झिजून आलेला: एखाद्याला कामात गुंतवणं.